नाव घेते

आमच्या मालकांचं नाव देवावरून ठेवलेलं,
सासूबाईंच्या नवसाचं.
म्हणून परळीत राहून तीस वर्षं
मी देवाला नावानं कधी हाक मारली नाही.

बाया गाभाऱ्यात वाकून, पिंडीला दोन्ही हातांनी धरून
मोठ्यानं घ्यायच्या ते नाव.
मी नुसतं पाणी घालायची.
आरतीत ती एक ओळ आली की ओठ मिटायचे,
टाळ्या मात्र जोरात.

उखाण्याला बसवलं तर म्हणायची,
"मेरूच्या पायथ्याचा, बेलपानांचा धनी,
पायऱ्या चढून गेलं की भेटतो, ओळखा कुणी!"
बाया हसायच्या, "अगं, देवाचं सांगतीस का नवऱ्याचं?"
मलाही नीट ठाऊक नव्हतं.

मालक थर्मलच्या राखेवर कामाला.
तोंडाला रुमाल बांधून टँकर भरायचे.
सांजेला दारात उभे राहिले
की भुवया पांढऱ्या, कान पांढरे.
मी म्हणायची, आधी अंग धुवा, मग देवाला जा.
ते म्हणायचे, त्याला राख आवडतीच की.
न्हाणीतून करडं पाणी जायचं
पार तुळशीच्या बुडापर्यंत.

मग खोकला.
मग रात्र रात्र भिंतीला टेकून बसणं.
मग एका पहाटे जीप, अंबाजोगाईचा घाट,
माझ्या मांडीवर डोकं
आणि छातीचा लोहाराचा भाता.

दवाखान्यात खिडकीमागं एक पोरगी,
पेनाचं टोपण दातात.
"पेशंटचं नाव?"
मी म्हणलं, आमचे मालक.
"नाव, मावशी."
दिगूचे वडील. तुम्हीच लिहा ना बाई, देवाचंच हाय.
"कोणत्या देवाचं? मागं रांग बघा."

मी पदर सारखा केला.
वैजनाथ.

एवढा मोठा निघाला आवाज
की रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं
टोपी काढून हात जोडले.
"आणि पुढं?"
पुढं काय! तीस वर्षांचं तुंबलेलं,
ते फुटलं.
वैजनाथ, अरे वैजनाथ, अहो वैजनाथ,
एकाला अरे, एकाला अहो,
कुणाला कोणतं
ते त्यांचं त्यांनी वाटून घ्यावं.
वैद्य तो, रोगी हे,
मला दोघांना मिळून एकच हाक.

वॉर्डबॉय म्हणला, मावशी, हळू.
पोरगी लिहायची थांबली.
आणि स्ट्रेचरवरून, नळीच्या आडून,
बारीक, खरखरीत,
राखेतून यावा तसा आवाज आला,

"ओरडतीस कशाला.
ऐकू येतंय मला."