प्रश्न क्रमांक चौदा

सर्जेकोटच्या जेटीमागे, जाळ्यांच्या ढिगाला टेकून
मी विचारलं : दिवसातून किती वेळ मोबाइल वापरता?
पर्याय चार होते.
सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकलत
शेवंती खवणेकर म्हणाली,
"वापरतंय खंय? ऐकतंय."

फोन कमरेला, दुधाच्या पिशवीत, वर रबर.
होडी खडकाच्या अलीकडे आली
की तिकडून रेंज मिळते.
"एक रिंग, चूल पेटव.
दोन, टोपल्यो घेवन जेटीर ये.
उचलूचो नाय. उचललो तर पैशे कापतत."
आणि तीन?
तिनं एक बांगडा उलटा केला.
"तीन अजून वाजाक नाय."

मी लिहिलं : शून्य मिनिटं.
रात्रभर उशाशी जागणाऱ्या कानासाठी
रकानाच नव्हता.

पुण्यात सरांनी तक्ता पाहिला.
"ही सत्तावीस नंबरची बाई सरासरी खाली ओढते.
काढून टाक."
काढली.
रात्री परत घातली.
मग पुन्हा काढली, प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती.

निघताना तिनं विचारलं होतं,
"कागदार माझां नाव येतलां?"
नाही, म्हटलं, नावं गुप्त ठेवतो आम्ही.
"बरां. मगे बांगडो खाल्लंस, तां तरी लिव."
आणि आणखी चार बांधून दिले,
माझ्याच एका कोऱ्या प्रश्नावलीत.
कणकवली येईपर्यंत
चौदाव्या प्रश्नाला वास लागला होता.