पंधरा

ब्रोना रात्रपाळीला असली की
डायलिसिसच्या खोलीत मोजणी दोनदा व्हायची,
एकदा गोळ्यांची, एकदा तिच्या डब्याची.
आवाज दोन्हीला तोच,
जरा नाकातला, जरा रागावल्यासारखा.

"आमच्याकडे ह्याला नावच पंधरा.
पंधरा बिस्किटं चुरायची, पंधरा मार्शमॅलो कातरायचे,
पंधरा चेऱ्या, आटीव दुधाचा एक डबा.
गोळा खोबऱ्यात लोळवायचा, गुंडाळून थंडीत ठेवायचा,
सकाळी पंधरा चकत्या.
आमच्या गावात कुणी मेलं तरी हे, बारसं असलं तरी हेच.
भट्टी लावायला वेळ कुणाला आहे, रेजिना?"

एप्रिलमध्ये ती गेली. आईचा खुबा मोडला.
लॉकरची किल्ली मला देऊन गेली.
आत अर्धी हँडक्रीम,
आणि ड्यूटीच्या तक्त्यामागे
१५, १५, १५.
बाकी काही लिहिलेलं नाही.

आज शुक्रवार. सकाळचा मिस्सा झाला.
मंगफमध्ये एक्कावन्न अंश,
आमच्या पाचव्या मजल्यावर
सहा बाया, दोन शेगड्या, ओव्हन नाही.
भाजायचं ते सगळं बाहेर ठेवलंय.

जमियात बिस्किटं होती, पण ती नव्हेत.
तिळाची, मलईची, खजूर भरलेली.
"खजुराची घे ना," लिसम्मा म्हणाली.
इथे सगळ्यातच खजूर. नाही घेतली.
घेतला तो खोका, ज्यातली तांदळाची फुलं
पोरांना दुधात घालून देतात.
घरी येऊन उघडला तर कुरमुरेच की!
परदेशी शिकून आलेले, एवढंच.

मार्शमॅलो बसथांब्यापर्यंत येता येता
पंधराचा एक झाला होता,
गुलाबी, गुबगुबीत, कुणाच्या तरी बाळाच्या उशीएवढा.
कात्री लावली तर कात्रीच गिळून बसला.
गरम पाण्यात बुडवून, शिव्या देऊन
सोडवली.

चेऱ्या नव्हत्याच.
कपाटात आईनं पाठवलेली सुकेळ्यांची पुडी,
वाळल्या केळपानात बांधलेली.
आगाशीला आमच्या वाडीत हीसुद्धा भट्टीविनाच होतात.
पिकलेली राजेळी, ऊन,
आणि कावळे हाकायला एक पोर.
बरीच वर्षं ते पोर मीच होते.
पंधरा तुकडे मोजून केले. सोळावा तोंडात.

खरी पंचाईत पुढे.
कुरमुरे पंधरा कसे मोजायचे?
पंधरा मुठी म्हणावं, तर कुणाच्या?
लिसम्माची मूठ माझ्या दीडपट.
एकोणीस वर्षं गोळ्या मोजतेय मी,
एकदाही चुकले नाही,
आणि आज परातीपुढे बसून
डोळ्यांना पटेल तेवढं ओतत गेले.
ब्रोनानं पाहिलं असतं तर
घटनेच्या वहीत नोंद केली असती.

रात्री कापलं. चकत्या सतरा,
आणि एक शेंडा, कशातच न बसणारा.
वरच्या मृणालताईंनी पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं,
जिलेटिन कशाचं ते पाहिलं,
आणि फक्त वास घेतला. बराच वेळ घेतला.
फोटो ब्रोनाला पाठवला.
उत्तर आलं, "हे पंधरा नव्हे. हे काय आहे?"
आणि मागोमाग,
"आई विचारतेय, ते तपकिरी काय?"

शेंडा घेऊन खाली गेले.
इद्रिस पाइपानं पायऱ्या धूत होता.
ओले हात सदऱ्याला पुसून
त्यानं तो दिव्याकडे धरला, एक घास घेतला,
दाताला चिकटलेलं जिभेनं सोडवत राहिला.
मग विचारलं, काय हे?

माझ्या अरबीत आकडे तेवढे धड आहेत.
"खमस्ताशर," म्हणाले मी. पंधरा.

त्याचा जबडा थांबला.
एकदा खिसा चाचपला,
आणि घाबरून उरलेला तुकडा
माझ्यापुढे परत धरला.