पाणढाळ

कणकुंबीच्या वर, चोर्ल्याच्या अलीकडे
डांबरी सोडली की जांभ्याचा सडा लागतो.
मार्गशीर्षात तो भाकरी उतरवलेल्या तव्यासारखा,
खळग्यांत सुकलेलं शेवाळ पापुद्रे धरून,
कडेला सोनकीच्या काड्या, बी झडून गेलेल्या.
इथेच कुठेतरी डोंगराची पाठ आहे.
नकाशात ती तुटक रेघ.
पायांना कळतही नाही
चढ कधी संपला.

मी रोजंदारीवरचा वॉचर.
पिशवीत चार कॅमेरे, खिशात सेल.
ऐनाच्या नाही तर किंजळीच्या बुंध्याला
गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्टा आवळायचा
आणि निघून यायचं.
पुढचं जंगल बघतं.
गवा काचेला नाकच लावतो,
साळिंदर कायम घाईत,
अस्वल एकदाच आलं, तेही पाठमोरं,
कुणी हाक मारल्यासारखं थबकून.
आणि एकदा पहाटे चार वाजून सात मिनिटांनी
भागू मिसाळीण.
हातात कंदील, मागे रेडकू,
चुकलेली म्हैस शोधत थेट कॅमेऱ्याकडे बघणारी.

ही नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

साहेब धारवाडकडचे.
मला कळावं म्हणून कानडी सावकाश बोलतात.
मी मराठीत उत्तर देतो, तेही सावकाश.
मधल्या जागेत आमचं बरंच काम होऊन जातं.
भागूच्या वाड्यावर गेलो तेव्हा
त्यांनी कागद काढला, वय विचारलं.
"नऊ कारव्या," ती म्हणाली.
साहेब माझ्याकडे बघत राहिले.
मी सांगितलं, कारवी सात वर्षांनी फुलते,
डोंगर निळा होतो, मधमाश्या वेड्या होतात,
इथली म्हातारी माणसं असंच मोजतात.
साहेबांनी समासात गुणाकार केला.
दहावी अजून फुलायची होती,
ती वर्षं त्यांनी सोडून दिली.

मग त्यांनी विचारलं, पाणी नेमकं कुठे फुटतं?
फोन हातभर वर धरून ते गोल फिरले.
रेंज नव्हती.
खाली दरीत धूर दिसावा तसं धुकं,
ककणेराचे पंख, आधी आवाज, मग पक्षी,
आणि शीळकरी कस्तूर,
शाळेतून पळालेल्या पोरासारखा
गाणं अर्ध्यावर सोडणारा.

भागूने तांब्यातलं उरलेलं ताक
समोरच्या दगडावर ओतलं.
ते क्षणभर फुगलं, थरथरलं,
मग फाटलं.
एक ओघळ उगवतीला.
"ह्ये यल्लम्माला जातंय."
एक मावळतीला, उतारावरून धावतच.
"त्ये वाळपईला. लेक दिलीया तिकडं.
सहा म्हयने झाले, फोन न्हाई."
तिने पदराला हात पुसले.

साहेब उकिडवे बसले.
वहीत आधी दगड काढला, मग बाण,
एक मलप्रभेकडे, एक म्हादईकडे.
रेघा सरळ आल्या म्हणून खोडल्या,
पुन्हा वाकड्या काढल्या.

दगडाच्या डोक्यावर अंगठ्याएवढा खळगा होता.
तिथे थोडं ताक अडलं,
ना इकडचं, ना तिकडचं.
भागूच्या कुत्र्याने ते चाटलं
आणि सावलीत जाऊन झोपलं.

उतरताना मी पुन्हा त्या किंजळीपाशी थांबलो.
सेल बदलले, काच पुसली.
पट्टा सोडवताना सालीवरचा वळ दिसला,
तो बोटाने चोळला, मग कॅमेरा
वीतभर वर बांधला,
कंदिलाच्या उंचीवर.