तिसऱ्या गल्लीतला खर्ज

अमळनेरला दाळमिलच्या मागे, पत्र्याच्या खोलीत
मी खर्ज बनवते.
बँडवाल्यांना, ऑर्केस्ट्राला;
एकदा तमाशाच्या फडालाही दिला होता,
ते पैसे अजून यायचेत.

आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी.
काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते,
मीठ-कोळसा कोरडा पडतो
आणि स्पीकरात पन्नास हर्ट्झची माशी घोंगावत बसते.
ती हाकलल्याशिवाय
खालचा कुठलाच सूर खरा कळत नाही.

मग कूलर बंद.

दोन ऑसिलेटर. एक करवतीचा, दाते काढलेला,
दुसरा चौकोनी, सप्तकभर खाली.
त्याला केसभर बेसूर ठेवायचं,
म्हणजे दोघं खेटून चालतात, अंगाला अंग घासतं,
आणि त्या घासण्यालाच लोक जाड आवाज म्हणतात.
फिल्टर मिटत आणायचा
बरणीचं झाकण फिरवावं तसा,
वरचा चरचराट आत कोंडेपर्यंत.

मशीन भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून भंगारात आणलेलं,
तीन पट्ट्या मुक्या.
तापलं की सूर सोडतं, खाली घसरतं.
चार तास मी ट्यूनरच्या हिरव्या दिव्यावर डोळा ठेवून
पेचकसाने त्याला जागेवर आणत होते,
जसं झोपाळू पोराला पाढे म्हणायला बसवावं.

तेवढ्यात बेटावदहून निंबादादा आला, बँडचा मालक,
सोबत की-बोर्डवाला हर्शल
आणि धुडकूबाबा, ज्याने एकतीस लग्नसराया
इफोनियम फुंकला.
दिवाळीत दात काढले. कवळीवर तोंडी ठरत नाही.
त्याचा सूर आता हर्शलच्या डाव्या हाताला द्यायचाय.

बाबाने स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवून ऐकलं.
"दम से," म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
"पन हाऊ चालाव नही, ताई.
मे महिनामा पित्तय तापस, सूर वर चढस.
तिसरी गल्लीलोंग आम्ही सगळा वर ऱ्हातस.
तुनं मशीन मातर जठेनं तठेच बशी ऱ्हास."

मला राग आला. दिवा हिरवा होता.
मी दिव्याकडे बोट दाखवलं.
त्याने हर्शलकडे बघितलं.
बाहेर मोटरसायकलला बांधलेला भोंगा
तासभर उन्हात होता; हर्शलने फडक्यात धरून आणला,
फुंकला कसाबसा, म्हशीसारखा.
काटा हिरवं ओलांडून गेला.
चाळीस सेंट वर.

म्हणजे तापलं की ते चढतात, आणि माझं उतरतं.
एका वरातीत दोन ताप.

डाव्या हाताशी एक चाक असतं, सूर थरथरवायचं.
मी मशीन उघडलं, त्या चाकाची वायर तोडली,
दुसरीकडे डाग दिला:
पूर्ण फिरवलं तर अर्धा सूर वर, त्याहून जास्त नाही.
कडेला औषधाची चिकटपट्टी लावली
आणि बाबा सांगेल तशा पेन्सिलीने खुणा केल्या.
वेस. मारुतीचा पार.
तिसरी गल्ली, इथे त्याने दोनदा सांगितलं.
मांडव.

हर्शल वाजवत होता, अंगठा खुणेखुणेने वर.
बाबा डाळीच्या पोत्यावर बसलेला,
दर सुराला त्याचे गाल फुगत होते.
त्याला माहीत नसावं.

मेमरीत नाव लिहायची सोय नाही, फक्त आकडे.
सदतीस नंबरला ठेवला.
निंबादादाने पाचशे दिले, बाकी अक्षय्यतृतीयेनंतर.

जाताना बाबा दारात थांबला.
"आनि पानी काढाले कव्हय थांबस हाई?"
फुंकून फुंकून नळीत पाणी साठतं,
दर चौकात भोंगा उलटा करून झटकावा लागतो,
ते विचारत होता.

म्हटलं, बाबा, याला उलट पाणी घालावं लागतं.

तो खड्ड्यापाशी गेला, वाकून बघितलं.
बादलीत अर्धं उरलं होतं.
तेही ओतलं.