उतरले नाही

सकाळचे नऊ, आणि गच्चीवरच्या टाकीच्या
नळाला हात लावता येत नाही.
खाटेवर ओलं धोतर, धोतरावर बिबडे.
घाट्याचा गोळा थापता थापता मंदाताई झोपे विचारतात,
मग काय काय पाह्यलं वं, जहाजातून?

कोची पाह्यली?
नाही.
कोलंबो?
लांबून. पिवळ्या क्रेन होत्या.
म्हणजे उतरलीच नाही तू?

हात थांबतात. पातेल्यात घाटा आळत जातो.
एवढा पैसा भरून, पुष्पा बऱ्हाटे म्हणते,
आणि खाली नाही उतरली!

एकतीस वर्षं मी उद्घोषणेच्या खोलीत बसले,
भुसावळच्या उन्हाळ्यात, पंखा बंद ठेवून,
कारण पंख्याची घरघर माईकात यायची.
हावडा, गोरखपूर, दादर, सुरत,
अख्खा देश माझ्या तोंडून गेला.
उशीर दुसऱ्यांचा, दिलगीर मी.
स्वतः गेले ती शेगावला,
आणि एकदा नाशिकला, बहिणीच्या बाळंतपणात.

तर कोचीला बोट लागली.
स्पीकरवर एक बाई बोलली,
आवाज गोड, पण श्वास चुकीच्या जागी घेत होती.
साडेचारच्या आत परत या म्हणाली.
आमचा जळगावचा ग्रुप सारख्याच टोप्या घालून रांगेत.
दाराशी कार्ड टेकवायचं, टुंग,
एकेक माणूस जहाजातून वजा.
शेवटी कुमुद. चल ना गं ताई.
म्हटलं, तू जा, माझा गुडघा…
गुडघ्याला काहीच झालं नव्हतं.

मग अकरा मजले रिकामे.
लिफ्ट आपल्याच मनाने वर जाई, दार उघडे, मिटे.
एक पोरगा कठड्याचं पितळ पुसत होता,
छातीवर नाव, नेस्टर.
मॅडम, नो गो?
नो गो.
मी टू, म्हणाला.
त्याला सुट्टी नव्हती. मला होती.
हे दोघांना एकदमच कळलं असावं,
त्याने पुसलेलं पितळ पुन्हा पुसलं.

मी चहा घेतला, गार होऊ दिला.
समुद्राकडे नाही बसले,
गोदीकडच्या बाजूला बसले.
खाली ट्रक, एक कुत्रं, दोरखंडाची वेटोळी,
आणि सावलीला उकिडवा बसलेला एक माणूस
वर बघत होता,
फलाटावरून डब्यात बघतात तसा.
आयुष्यात पहिल्यांदा मी डब्यात होते, खिडकीशी,
आणि गाव खाली उभं होतं.
उतरले असते
तर मीही गावच झाले असते पुन्हा.

साडेचार वाजून गेले.
स्पीकरवर नाव आलं, भंगाळे, क्युमूड भंगाळे.
माझे ओठ हलले. नीट म्हटलं मी ते,
कोणाला ऐकू न जाता, दोनदा.
ती आली धावत, मसाल्याच्या पिशव्या, चपलेचा अंगठा तुटलेला,
आणि खालूनच हात हलवला.
तिला वाटलं मी वाट बघतेय.
बघतच होते म्हणा.
कोलंबोला तिने विचारलं नाही.

मुंबईला मात्र सगळ्यांनाच उतरावं लागतं.
मग रात्रीची गाडी. भुसावळ तीन वीसला.
आता कॉम्प्युटरची बाई सांगते, श्वासच घेत नाही ती.
डबा झोपलेला, मी दाराशी बॅग धरून,
आणि फलाटावर पाय टाकायच्या आधी
एकदा वाटलं, सुटू दे.

यातलं मंदाताईंना काही सांगितलं नाही.
जेवण चांगलं होतं म्हटलं, तिखट कमी.
तरीच, पुष्पा म्हणाली,
आणि पुढचा बिबडा थापला.
यार्डापलीकडून भोंगा आला, नऊ चाळीसची असावी.
मनातल्या मनात फलाट सांगून टाकला.
चुकला असेल. बदललेत म्हणे हल्ली.