तेवीस तारखेची नोंद

पर्जन्यमापकाची बाटली रात्रीत तीनदा भरली.
तिसऱ्यांदा मी मोजली नाही,
वहीत तेवढी जागा कोरी आहे.

पहाटे पऱ्या गप्प झाला.
पाऊस तसाच कोसळत होता, आणि पऱ्या गप्प.
धाकू गोरिवले पडवीतून ओरडला,
"वर कायतरी अडलाय! उठा, सड्याव चला!"
आम्ही कोयत्याने गुरांची दावी कापली.
जनी तवसाळकरीण पेजेचं टोप घेऊन निघाली,
झाकणासकट.

आधी वास आला,
विहीर खणताना येतो तसला, खालच्या मातीचा.
मग फणस उभेच्या उभे
चालत उतरले,
आणि त्यांच्यामागून धोंडे, दात खात.

आता माझ्या वाफ्यात खोपटाएवढा एक बसलाय.
एका अंगाला शेवाळ,
दुसऱ्या अंगाने बहुधा पहिल्यांदाच ऊन पाहिलं.
तलाठी विचारतो, क्षेत्र किती गेलं?
गेलं कुठे, भाऊसाहेब,
उलट डोंगराचं अर्धं अंग माझ्याकडे आलंय,
ते कुठल्या रकान्यात घालता?

पऱ्या हल्ली धाकूच्या चौथऱ्यावरून वाहतो.
रात्रभर खळखळ. झोप लागते.
जरा थांबल्यासारखा वाटला
की अख्खी वाडी
अंथरुणात उठून बसते.