अकरा मिनिटांचा माणूस

इस्माईल खोताने शुक्रवारच्या बाजारातून
चार दिनारांना प्रोजेक्टर आणला.
सोबत एक रीळ, पत्र्याच्या गोल डब्यात,
डब्यावर गंज आणि कुणाच्या तरी हातची अक्षरं.
मोफिज म्हणाला, डॅनिश असेल.
मोफिजने एकदा डॅनिश लोण्याचा कंटेनर उतरवला होता,
म्हणून त्याचं ऐकलं.

फहाहीलला आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांमधे,
कुंजुमोनची चादर ताणली.
चादरीवर मधोमध इस्त्रीचा डाग.
ऑगस्ट. रात्री दहालाही हवा अशी
की तोंडावर कुणी ओला पंचा टाकून ठेवलाय.

मग तो आला.
बुटका, ढगळ कोट, एका खांद्यावर डाग.
नाही, डाग आमचा. तो चालायला लागला
आणि डाग जागच्या जागी राहिला.

कारकून होता. शिक्के मारत होता.
शिक्के मारत होता.
डॉक्टरने त्याला कागद दिला नि स्वतःचे डोळे पुसले.
मधेच पाटी आली, अक्षरांची.
इस्माईलने खणखणीत वाचली, येत असल्यासारखी:
‘उद्या सकाळपर्यंतच आहेस रे बाबा.’
खरंच तसं लिहिलंय? कुंजुमोनने विचारलं.
‘दुसरं काय लिहिणार? डॉक्टरचं तोंड बघ की.’

मग काय!
दुकानातले सगळे केक त्याने उभ्याउभ्या खाल्ले,
हॅट घोड्याला घातली,
छत्री उघडून कारंज्यात अंघोळ केली,
एका जाडजूड धोबिणीला घेऊन पुलावर असा नाचला
की तिची पाटी नदीत, शर्ट एकेक करून वाहत चाललेले,
सगळे हात वर केलेले.
आणि मागून डॉक्टर! दुसराच कागद नाचवत,
पडतोय, उठतोय. पहिला कागद भलत्याचाच होता.
आम्ही ओरडलो, अरे थांब, वाचलास!
मोफिज ओरडला, थांबू नको!
डॉक्टरचा हात त्याच्या कॉलरला लागणार
एवढ्यात रीळ संपलं.
पांढरी चादर. इस्त्रीचा डाग.

भांडण झालं. धरला की नाही धरला.
फक्त घाणेकर गप्प.

घाणेकर बावीस वर्षं आखातात, आधी बहारीन, मग इथे.
कॉटखाली बॅग. बॅगेत सेलोफेनमधला शर्ट,
अत्तर, पिस्त्यांचा डबा,
काचेवरचं प्लॅस्टिक न काढलेलं घड्याळ.
सगळं गावी गेल्यावर.
एकदा तर शर्ट गावाहून परत घेऊन आला.
तिकडे म्हणे प्रसंगच आला नाही,
कौलं शाकारण्यातच सुट्टी संपली.

हसू नये. माझ्या वडलांच्या दुकानात पाटी होती:
आज रोख, उद्या उधार.
इथे आम्ही ती उलटी टांगलीय.
ऑफिसातला मंदूबसुद्धा प्रत्येक अर्जाला म्हणतो, बाचिर.
बाचिर म्हणजे उद्या. अरबी आम्हाला
एवढीच चांगली येते.

‘लाव परत,’ घाणेकर म्हणाला.
लावलं. परत लाव. लावलं.
तिसऱ्यांदा धोबीण नाचत असताना तो खाली गेला.
आला तेव्हा आधी वास आला, मग तो.
शर्टावर घड्यांच्या रेघा, आलेख-कागदासारख्या.
मनगटावर घड्याळ, बंद पडलेलं.
डबा फोडून मधे ठेवला.
पिस्ते खवट निघाले.
आम्ही खाल्ले.

शनिवारी पहाटे पाचच्या बसमध्ये
तो माझ्या पुढच्या सीटवर, कव्हरऑल घालून.
आतून नव्या कॉलरची एक कड
बाहेर आलेली.
सुपरवायझर ओरडेल, आत सारावी,
म्हणून मी हात पुढे केला.
अगदी टेकणार होता.
मग मांडीवर ठेवून दिला.